अध्यक्षांचं दुसरं मत

पंचवटी, नाशिक
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

मंजू,

कपबशांचा आवाज आठवला म्हणून लिहायला बसलो. चार कप, चार बशा आणि तो मोराचं चित्र असलेला पत्र्याचा ट्रे. रविवारी दुपारी चारला बाहेरच्या खोलीत आमच्या शाखेचा अभ्यासवर्ग बसायचा आणि तू आतून चहा घेऊन यायचीस. सांडू नये म्हणून पावलं मोजत यायचीस, आणि मोजायला आकडे नव्हे, मी सायखेड्याच्या शाळेत तिसरीच्या पोरांसाठी रचलेली कविता:

चाल होडी, चाल होडी, काठ मागे राहू दे,
वल्हे माझे, हात माझे, पूर येतो, येऊ दे.

एका पावलाला एक शब्द. दुसरी ओळ संपेपर्यंत तू खोलीच्या मध्यावर आलेली असायचीस आणि कप बरोबर तालावर किणकिणायचे. परवा शेजारी कुणीतरी बशीवर बशी ठेवली आणि मला ते सगळं ऐकू आलं. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण कान अजून वर्गातच बसलेले असतात.

दिवाळीला आपण फोनवर दोन मिनिटं बोलतो. हवा, तब्येत, झालं. त्यात हे बसत नाही.

लिहायला एक कारणही आहे. इथल्या वाचनालयाने माझं व्याख्यान ठेवलंय: 'राष्ट्रांचा स्वयंनिर्णय: स्कॉटलंड, सार्वमतानंतरची दहा वर्षं'. जुन्या कम्युनिस्टांपैकी अजून उभा राहून तासभर बोलू शकेल असा मीच उरलो, म्हणून मान मला. माझी पुस्तकं जुनी. तू मात्र ग्लासगोत चौदा वर्षं राहतेस, वॉर्डात रोज ती माणसं पाहतेस. म्हणून तुला विचारतो.

माझी मांडणी अशी. प्रत्येक राष्ट्राला वेगळं होण्याचा हक्क आहे. तो नाकारणारा स्वतःला मार्क्सवादी म्हणवू शकत नाही. पण हक्क मान्य करणं निराळं आणि 'वापराच' म्हणणं निराळं. आमच्या थोरल्यांनी यासाठी घटस्फोटाचा दाखला दिलाय. घटस्फोटाचा हक्क मागणारा माणूस प्रत्येक बाईला घर सोडायला सांगत नसतो. स्कॉटलंडचा आणि इंग्लंडचा कामगार दोनशे वर्षं एका युनियनमध्ये लढला. मध्ये सीमा आखली तर फायदा मालकाचा, मग तो एडिंबरोचा असो की लंडनचा. म्हणून हक्क हवा, पण तूर्त वापरू नये.

तू तेव्हा मत दिलंस का? कुणाला?

आणखी एक. डावा डोळा गेला. उजवा उन्हाळ्यापर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणतात. अजून चेहरे दिसतात. एकदा येऊन जा.

तात्या


ग्लासगो
१४ ऑक्टोबर २०२४

तात्या,

पत्र तीन आठवड्यांनी पोचलं. तुमचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे, फक्त ओळी उताराला लागल्यात.

आधी तुमच्या व्याख्यानाचं. हो, मी मत दिलं. ड्युटी संपवून नर्सच्या गणवेशातच गेले. केंद्र एका प्राथमिक शाळेत होतं. सगळीकडे पोरांच्या बुटक्या खुर्च्या, त्यामुळे तुमची आठवण आलीच. पेन्सिल दोरीने बांधलेली. कागदावर एकच प्रश्न, स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का, आणि खाली दोन चौकोन: हो, नाही. तुम्ही कुठल्या गावच्या, कुणाच्या कोण, असं कुणी विचारलं नाही. कॉमनवेल्थमधून येऊन इथे राहणाऱ्यालाही मत होतं. सोळा वर्षांच्या पोरांना होतं. सायखेड्यात जन्मलेल्या बाईला स्कॉटलंडचं काय करायचं ते विचारत होते. मी 'हो'वर फुली मारली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

ग्लासगो 'हो' म्हणालं, देश 'नाही' म्हणाला. सरकारी घरांच्या वस्त्या 'हो', बागांच्या वस्त्या 'नाही', असं ढोबळ मानाने. पण माझ्या वरच्या मजल्यावरचा ह्यू तुमच्या पंथाचा निघाला. चाळीस वर्षं क्लाइड नदीवर जहाजांना वेल्डिंग केलं, पक्का डावा, आणि त्याने 'नाही' म्हटलं. म्हणाला, "संपात लिव्हरपूलची माणसं माझ्यासाठी उपाशी राहिली. त्यांना सोडून मी कसा जाऊ?" हे तुमच्या व्याख्यानात घाला, चांगलं आहे.

पुढचंही घाला. दोन वर्षांपूर्वी इथल्या सरकारने पुन्हा सार्वमत घ्यायचं म्हटलं, तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय घेता येणार नाही. म्हणजे वेगळं व्हायचं की नाही हे विचारायलाही ज्याच्यापासून वेगळं व्हायचं त्याची परवानगी. वॉर्डात सगळे चिडले होते. मला हसू आलं. असा ठराव मी आधी ऐकला होता.

आता कपांचं. तुम्हाला कुठला रविवार आठवतो, मला माहीत नाही. मला ९ डिसेंबर २००७ आठवतो. त्याच्या आदल्या रात्री मी पिशवी घेऊन माहेरी, तुमच्या दारात आले होते. म्हटलं, मला वाल्मीककडे परत जायचं नाही. तुम्ही 'आत ये' म्हणाला नाहीत. पहिलं विचारलंत, "वाल्मीकला सांगून आलीस का?" तो माझा नवरा, पण त्याआधी तुमचा विद्यार्थी, चळवळीचा पूर्णवेळ कार्यकर्ता. म्हणून तुम्ही माझा विषय शाखेपुढे ठेवलात. कार्यक्रमपत्रिकेवर तिसरा. पहिला वनहक्कांचा मोर्चा, दुसरा भिंती रंगवणं, तिसरा मी.

चौघे सभासद होते. तुम्ही, वाल्मीक, पंचवटीच्या भाजीबाजारात हमाली करणारे पुंजाकाका आणि पेठकडचे हिरामणकाका. मला आत बसायची मुभा नव्हती. मी चहा आणला. त्या दिवशी कविता नव्हती, तात्या. कप तालावर वाजले नाहीत. उजवं मनगट सुजलं होतं, म्हणून ट्रे डाव्या हातावर तोलून आणला आणि कप सगळी वाट थरथरत आले.

पुंजाकाका म्हणाले, "पोरीला इचारलं का कुणी?" तुम्ही म्हणालात, "ती सभासद नाही." मग मतं झाली, दोन आणि दोन. मग तुम्ही अध्यक्ष म्हणून पुन्हा मत दिलंत. मी दारामागे होते. त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यावर तुम्ही दोनदा मत दिलंत आणि मला एकही नव्हतं. सात वर्षांनी मला एक मिळालं, ते परक्यांच्या देशावर.

एकच विचारते. त्या दिवशी तुम्ही माझं मनगट पाहिलं होतंत का? हो किंवा नाही. इथे कागदावर तेवढंच होतं, मला तेवढंच पुरेल.

मंजुषा


पंचवटी
५ नोव्हेंबर २०२४

मंजू,

तू रागावली आहेस, आणि तो राग मी समजू शकतो. पण काही गोष्टी तपशिलाने पाहायला हव्यात, म्हणून माळ्यावरून शाखेच्या इतिवृत्ताची वही काढून घेतली. कसर लागली आहे, पण तुझं पान शाबूत आहे. जसंच्या तसं उतरवतो:

'कॉम्रेड वाल्मीक यांच्या पत्नी मंजुषा यांचा विभक्त होण्याचा हक्क ही शाखा तत्त्वतः मान्य करते. तथापि मोर्चा तोंडावर असताना, सद्यःस्थितीत तो बजावणे चळवळीच्या हिताचे नाही. बाजूने: सावळीराम (अध्यक्ष), वाल्मीक. विरोधात: पुंजा, हिरामण. समसमान मते पडल्याने अध्यक्षांचे निर्णायक मत ठरावाच्या बाजूने. ठराव मंजूर.'

पुंजा काय म्हणाला ते लिहिलेलं नाही. 'विरोधाचे कारण नोंदवलेले नाही' असं आहे. लिहिणारा मीच. अक्षर फार सुबक आहे. ते पाहून मला बरं वाटलं नाही.

मी एक ठरवलंय. हा ठराव मागे घ्यायचा. शाखेचा ठराव शाखाच मागे घेऊ शकते. मी एकट्याने पान फाडलं तर तो अनाचार होईल. नियमाप्रमाणे चारांपैकी तिघे हजर हवेत. पुंजा नऊ वर्षांपूर्वी गेला. हिरामण पेठकडे गावी परतलाय, पत्ता शोधतो. वाल्मीक चांदवडला असतो. झेंडा बदलला, तालुक्यात वजन आहे, दुसरं लग्न होऊन बारा वर्षं झाली. त्या बाईचं नाव आशा, एवढंच ऐकून आहे. तिघे जमलो तर कोरम होतो. तू आलीस तर तुझ्यासमोर होईल.

स्कॉटलंडबद्दल तुझा एक मुद्दा मला मान्य नाही. तुझ्या पत्रात ते पीडित राष्ट्र वाटतं. ते तसं नव्हतं. डंडीच्या ताग गिरण्यांचं आणि कलकत्त्याच्या गिरण्यांचं नातं बघ. फौजेत, मळ्यांवर, जहाजांवर स्कॉटिश माणूस मालकाच्या बाजूला बसलेला दिसतो. साम्राज्याची होडी असेल लंडनची, वल्ही मारणाऱ्यांत ग्लासगो होतं. ज्याच्यावर जुलूम झालाच नाही त्याने सुटकेची भाषा वापरावी का, असा तो प्रश्न आहे. ह्यूचं वाक्य मी टिपून घेतलंय. असा माणूस मला इथे भेटला असता तर बरं झालं असतं.

मनगटाचं म्हणशील, तर सतरा वर्षं झाली. त्या दिवशी खोलीत गर्दी होती, उजेडही बेताचा होता. नेमकं आठवत नाही.

फेब्रुवारीत हवा छान असते. मागच्या खोलीतली तुझी खाट तशीच आहे.

तात्या


ग्लासगो
१ डिसेंबर २०२४

तात्या,

चार माणसांची गर्दी. दुपारचे चार, आणि उजेड बेताचा.

तीन पानं लिहिलीत. डंडीपासून कलकत्त्यापर्यंत गेलात. एका मनगटापर्यंत आला नाहीत.

मग मीच लिहिते. तेव्हा तोंडाने सांगता आलं नव्हतं. मला नाशकात नर्सची नोकरी लागली होती. वाल्मीकचं म्हणणं, नर्सने पाड्यांवर चळवळीचं काम करावं, शहरात पाट्या टाकू नयेत. त्याने माझं नोंदणीचं सर्टिफिकेट कार्यालयाच्या लोखंडी कपाटात ठेवलं. मी ते काढायला हात घातला तेव्हा त्याने कपाटाचं दार लावलं. हात मध्ये आहे हे त्याला दिसत होतं. मग शांतपणे म्हणाला, "व्यक्तिगत प्रश्न आणि वर्गाचा प्रश्न यांत फरक करायला शिक." तुमचंच वाक्य. तुमच्याच आवाजात.

स्कॉटलंडबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे. माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची पदकं असतात. कुणाच्या भारतातली, कुणाच्या आफ्रिकेतली. त्यांना गुलाम म्हणायची माझी जीभ वळत नाही. पण वेगळं व्हायला आधी जुलमाचे वळ दाखवावे लागतात का? माझ्या अंगावरही फार वळ नव्हते. एक मनगट, तेही दहा दिवसांत उतरलं. मला फक्त तिथे राहायचं नव्हतं. एवढं कारण तुमच्या थोरल्यांच्या कुठल्या पुस्तकात पुरेसं धरलंय, ते कळवा.

आणि मी काही झेंडा घेऊन फिरत नाही. स्वातंत्र्य मागणारा पक्षच इथे इतकी वर्षं राज्य करतोय. आमच्या वॉर्डात माणसं कमी, खाटा कमी, म्हातारी माणसं स्ट्रेचरवर तासन्‌तास. त्या वर्षी दंडावर लावलेला बिल्ला आता कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, सांगता येणार नाही. ज्या 'हो'साठी पायरीवर बसून रडले, तो लंडनमध्येही हरला आणि इथेही. तुमच्या व्याख्यानाचा शेवट हवा असेल तर हा घ्या.

ह्यू आजारी आहे, फुप्फुसं गेलीत. त्याला मी तुमच्या ठरावाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मीही 'नाही'च म्हटलं होतं. पण मला एकच मत होतं."

फेब्रुवारीत माझी तीन आठवडे रजा आहे. तिकीट काढलेलं नाही. मला ठराव मागे घ्यायला नको आहे, तात्या. तो मी २००९ सालीच मोडला, डुप्लिकेट सर्टिफिकेट काढून. मला उत्तर हवंय. खरं उत्तर आलं की तिकिटाचं बघते.

मंजुषा


पंचवटी
२४ डिसेंबर २०२४

मंजू,

व्याख्यान झालं. सात माणसं होती. त्यातली दोघं पेपर वाचायला आलेली, ती मधेच उठणं वाईट दिसेल म्हणून बसली. मी सार्वमत सांगितलं, न्यायालय सांगितलं, ह्यूचं वाक्य सांगितलं तेव्हा एकाने मान हलवली. मग घटस्फोटाच्या दाखल्यापाशी आलो. पन्नास वर्षं तो दाखला मी दिलाय. पाठ आहे, एखाद्या वृत्तासारखा, कुठे यती येतो तेही ठाऊक आहे. 'घटस्फोटाचा हक्क मागणारा माणूस' इथपर्यंत म्हटलं आणि पुढचं आलं नाही. वाचनालयाच्या उज्वलाताईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला. त्यांना वाटलं, वय झालं. मी पाणी प्यालो, आभार मानले आणि बसलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो.

मी पाहिलं होतं. ट्रे नंतर पाहिला, मनगट आधी. त्याला हळद लावून जुन्या साडीची पट्टी गुंडाळली होती, तुझ्या आईच्या निळ्या साडीची. गाठ तू डाव्या हाताने आणि दातांनी मारली असणार, कारण ती वेडीवाकडी होती. इतकं सगळं मी पाहिलं. उजेड भरपूर होता.

मनात म्हटलं, सभेनंतर विचारू. सभा संपली तेव्हा ठराव झालेला होता. ठरावानंतर विचारणं म्हणजे ठरावाविरुद्ध जाणं, असं मला खरोखर वाटलं. हे तुला हास्यास्पद वाटेल. मला तेव्हा ते तत्त्व वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी वाल्मीक तुला घ्यायला आला, तू मुकाट्याने गेलीस, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून वहीत पान सुबक अक्षरात उतरवलं.

दुसरं मत का दिलं, तेही सांगतो. वाल्मीक सोळा वर्षांचा असताना माझ्याकडे आला. बारा वर्षं मी त्याला वाचायला, बोलायला, सभेत उभं राहायला शिकवलं. तू म्हणतेस ना, तो माझ्या आवाजात बोलला. तो चुकलाय असं लिहायचं, तर ती बारा वर्षं चुकली असं लिहावं लागलं असतं. तेवढी माझ्यात हिंमत नव्हती. पुंजाला लिहिता येत नव्हतं, त्याच्यात होती.

हे खरं उत्तर. तिकिटाचं बघ. उजव्या डोळ्यात आता धुकं उतरायला लागलंय, पण समोर कुणी उभं राहिलं तर अजून दिसतं.

तात्या


ग्लासगो
२० जानेवारी २०२५

तात्या,

मी येत नाही.

हे मला नीट सांगायचंय, म्हणून चार वेळा लिहून फाडलं. तुम्ही खरं लिहिलंत. मी मागितलं होतं तेच लिहिलंत. पण सतरा वर्षं मी एका 'नाही'वर घर बांधलं होतं. तात्यांचं पुस्तकात डोकं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं, त्यांनी पाहिलंच नाही, पाहिलं असतं तर थांबले असते. तुम्हाला कधीच माफ केलं होतं मी, याच हिशेबावर. दिवाळीचा फोनही त्यावरच करत होते. मी विचारलं ते उत्तर मला ठाऊक आहे असं समजून. तुमच्या 'नाही'वर तुमची सही हवी होती, एवढंच.

आता मला माहीत आहे की त्या खोलीत मला पाहणारं एक माणूस होतं, आणि त्याने दोन मतं दिली.

ह्यू एक जानेवारीला गेला. शेवटी शेवटी म्हणायचा, आम्ही दोन्ही बाजूंनी हरलो. त्याच्यासारखे 'नाही' म्हणणारे हरले, कारण एकजूट कुठे राहिली. माझ्यासारखे 'हो' म्हणणारे हरले, ते तर आकड्यातच. त्याच्या शवपेटीवर युनियनचं निशाण होतं. लिव्हरपूलहून कुणी आलं नव्हतं.

डोळ्यांचं ऑपरेशन होतं का ते दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. थेंब वेळेवर घाला. कोरम-बिरम सोडा आता.

मंजुषा


पंचवटी
रविवार, २ मार्च २०२५, दुपारचे साडेतीन

मंजू,

तुझं पत्र उज्वलाताईंनी वाचून दाखवलं. 'मी येत नाही' वाचल्यावर त्या थांबल्या. मी म्हटलं, वाचा. सगळं वाचलं. तुझ्याशी वाद घालावा असं त्यात एकही वाक्य नाही, आणि मी वाद न घालता पत्र लिहितोय हे बहुधा पहिल्यांदाच. कागदाखाली जाड रेघांचा पुठ्ठा ठेवलाय. ओळी एकमेकींवर चढल्या तर समजून घे.

तू सोडा म्हणालीस, पण नोटिसा त्याआधीच गेल्या होत्या. दोन पोस्टकार्डं: 'रविवार दि. २ मार्च, दुपारी ४ वाजता, शाखेची विशेष सभा. विषय एकच: दि. ९ डिसेंबर २००७ चा ठराव मागे घेणे. मंजुषा यांना घर सोडण्याचा हक्क होता व तो वापरण्याचाही होता. त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. हजर राहावे.' ही भाषा मला सतरा वर्षं सुचली नाही. सुचली तेव्हा एका बाजूला पत्ता सोडून उरलेल्या जागेत मावली.

हिरामणच्या कार्डाला उत्तर आलं. त्याच्या सुनेचं. तो आषाढात गेला. तिने लिहिलंय, शेवटी त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं, पण सभेला जायचंय म्हणून टोपी मागायचे. म्हणजे आता चारांपैकी दोघे उरलो, मी आणि वाल्मीक. तीन कधीच होणार नाहीत. तो ठराव आता कुणालाही मागे घेता येणार नाही, तो आमच्याहून जास्त जगेल. हे कळूनही मी आज दोन खुर्च्या मांडल्यात, ट्रे पुसून ठेवलाय, वही उघडून ठेवली आहे. वाल्मीक येणार नाही, हे मलाही कळतं. पण नोटीस काढली की चार वाजेपर्यंत बसायचं, एवढाच एक नियम आता पाळण्यासारखा उरलाय.

मघाशी कविता म्हणून पाहिली. 'वल्हे माझे, हात माझे'पाशी अडलो. तिसरीच्या पोरांना हे शिकवताना मी हाताने वल्हं मारून दाखवायचो, मनगट फिरवून. ते आठवलं आणि पुढचं म्हणवलं नाही.

दार वाजलं. चारला दहा कमी आहेत. वाल्मीक वेळेआधी येणारा नव्हे.

परत येऊन बसलो आहे, मंजू. जे झालं ते लगेच लिहितो, नाहीतर मी ते सुबक करून टाकीन.

दारात एक बाई होती. चाळिशीची असावी, उन्हातून आलेली, डाव्या हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही. मला वाटलं, पत्ता चुकली.

"गुरुजी, मीटिंग हितंच हे ना?" तिने विचारलं.

"कुणाची मीटिंग?"

तिने पिशवी खाली ठेवली, त्यातून माझं पोस्टकार्ड काढलं आणि माझ्या तोंडाजवळ धरलं. कार्ड मऊ झालं होतं, घड्या पडल्या होत्या.

"मी आशा. चांदवडहून. त्यांच्या नावानं आलं हे, पण माझ्या हातात पडलं. त्यांनी नाय वाचलं. मी वाचलं, लय येळा वाचलं." मग बोट शेवटच्या ओळीवर ठेवून म्हणाली, "हे ज्यांचं लिव्हलंय, त्या बाई गेल्या ना खरंच? कुणाला न इचारता?"

"गेली," मी म्हटलं.

"मंग ह्या ठरावात आणखी एक नाव बसतं का?"

मी काय बोललो ते ऐक. मी म्हटलं, "कोरम नाही, बाई. सभा होणार नाही." इतकं होऊनही माझ्या तोंडून आधी हेच निघालं. तिने कार्ड खाली घेतलं, जणू बस चुकल्याचं कुणी सांगावं. आणि मग मी म्हटलं, "वाल्मीकला..."

पुढचे शब्द गिळले, पण तेवढा एक शब्द तिने ऐकला. एक पाऊल मागे सरली. उंबऱ्यापासून पायरीवर, पायरीवरून खाली. पिशवी उचलायला वाकली, डाव्याच हाताने. तेव्हा माझ्या उरलेल्या डोळ्याला दिसलं की इतका वेळ तिचा उजवा हात पदराखालीच होता. कार्डही तिने डाव्याच हाताने काढलं होतं.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.